शेंदराखालची धार

तलवार सपकन फिरली आणि उसाचं वरचं कांडं माझ्या चपलेपाशी येऊन पडलं. काप इतका साफ होता की रस बाहेर यायलाही क्षणभर लागला. माळवाडीच्या मैदानात जमलेल्या बायकांनी हात जोडले, पोरांनी मोबाईल उंच धरले. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने ते कांडं उचललं, काप निरखला आणि मान डोलावली.

"धार खरी हाय," तो म्हणाला.

कडेगाव तालुक्यातला, उसाच्या पट्ट्यातला माणूस. धारेची परीक्षा उसावर करायची, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. आणि समोर मंचावर उभ्या असलेल्या त्या इसमालाही हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्याने ऊस निवडला होता.

त्या इसमाचं नाव जयराज. लोक गुरुजी म्हणत, तो स्वतःला वज्रगुरू म्हणवून घेई. कराटेचा काळा पोशाख, कमरेला भगवा पट्टा, गळ्यात रुद्राक्ष आणि कानाला माईक. हिमालयात आणि चीनच्या डोंगरात तपश्चर्या केल्याचं तो सांगे. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये त्याचं केंद्र होतं, आणि लष्कर-पोलीस भरतीची तयारी करणारी निम्मी पोरं पहाटेचं धावणं सोडून तिथं डोळे मिटून बसू लागली होती.

"हीच तलवार," माईकमधून आवाज घुमला. "आत्ता तिने ऊस कापला. आता ती प्राणाला भेटणार. नाभीतला प्राण जागा झाला की त्वचा त्वचा राहत नाही, ती वज्र होते. क्वांटम ऊर्जा म्हणतात हिला. परदेशातल्या शास्त्रज्ञांना आज कळतंय ते आपल्या ऋषींना तेव्हाच कळलं होतं."

मी वाईची. लग्नानंतर इकडे आले आणि दवाखाना थाटला, त्यालाही आता वीस-बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मात्र ध्यानात आली आहे. कुणी क्वांटम म्हणालं की आपली पर्स घट्ट धरावी.

वीरधवल नावाचा विशीतला पोरगा फळीवर आडवा झाला. उघड्या पोटाला भस्म. ढोल वाढला. जयराजने तलवार दोन्ही हातांनी डोक्यावर नेली, डोळे फिरवले, किंचाळला आणि पातं खाली आणलं. बायकांनी डोळे झाकले. उघडले तेव्हा वीरधवल उठून उभा होता आणि त्याच्या पोटावर तलवारीला लावलेल्या शेंदराची एक आडवी रेघ होती. रक्ताचा थेंब नाही.

जयकार झाला. मीही चक्रावले, खोटं कशाला सांगू? वरती नाटक भरपूर आणि खाली येताना हात मवाळ, एवढं मला दिसलं होतं. पण मवाळ हातानेही ऊस कापणारं पातं पोट सोडणार नाही.

टाळ्या ओसरल्यावर मागच्या बाजूने एक भरदार आवाज आला. "महाराज, एक इचारू का?"

ते अण्णा होते, गावच्या तालमीचे वस्ताद. मर्दानी खेळ शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. दर दसऱ्याला ते एखाद्या पोराच्या तळहातावर लिंबू ठेवून तलवारीने कापून दाखवतात. लिंबाच्या दोन फोडी होतात, तळहाताला ओरखडा नाही. वार करण्याआधी मारुतीला हात जोडतात, पण हात थांबवण्याचं काम मारुतीवर सोपवत नाहीत.

"विचारा," जयराज म्हणाला.

"तलवार तुमची, पोरगं तुमचं, मंत्रबी तुमचा. येक तरी वस्तू गावाची असू द्या की. दसऱ्याला आमच्या तालमीच्या तलवारीनं करून दावा."

पोरांनी शिट्ट्या मारल्या. जयराजच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त डोळे हलले. मग त्याने दोन्ही हात वर केले.

"मान्य. दसऱ्याला मी या गावाला बंधुकवच देणार आहे. या गावाची एक कन्या वज्रदीक्षा घेईल, आणि तिच्या साधनेचं कवच तिच्या भावाला, सीमेवर उभ्या असलेल्या जवानाला मिळेल. रक्त एक, तर कवच एक."

पुढच्या रांगेतून लीलाबाई उठल्या आणि त्यांच्यामागून त्यांची शिवांजली. लीलाबाईंचे यजमान जोतीराम हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि पुढं फार जगले नाहीत. थोरला विश्वजीत आता बर्फातल्या कुठल्यातरी चौकीवर आहे. त्याचा फोन आला नाही की लीलाबाईंचं ब्लडप्रेशर चढतं, आणि गोळ्या मी देते. शिवांजली एकोणीस वर्षांची. पोलीस भरतीची तयारी करणारी, गोळाफेकीत तालुक्यात पहिली.

जयराजने तिचा उजवा हात धरून सगळ्यांना दाखवला. "याच हाताने भावाला राखी बांधलीस ना? याच हातावर दसऱ्याला तलवार पडेल."

त्या रात्री मला झोप लागली नाही. अण्णांना वाटत होतं त्यांनी भोंदूला कोंडीत पकडलं. पण फळीवर हात कुणाचा असणार, हे आव्हान देताना त्यांना माहीत नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी वीरधवल दवाखान्यात आला. पोट दाबून धरलेलं, शर्ट रक्ताने चिकटलेला.

"काय झालं रे?"

"उसाचं पाचट लागलं, मॅडम."

"पाचटाने पोट फाटत नाही. झोप."

जखम धुतली आणि मी थबकले. पोटावर एक सरळ रेघ होती, वीतभर लांब. तिचा डावा अर्धा भाग म्हणजे नुसता निळा-लाल वळ. कातडी शाबूत, काठी बसल्यावर उठतो तसा वळ. आणि तिथून पुढे त्याच रेघेत स्वच्छ उघडलेली जखम. एकच वार, एकच पातं, पण अर्ध्या भागात बोथट आणि अर्ध्यात धारदार. इतकी वर्षं कोयत्याच्या, विळ्याच्या, कडबाकुट्टीच्या जखमा शिवतेय, पण अशी जखम मी पाहिली नव्हती.

टाके घालता घालता तलवार डोळ्यांपुढे आली. मुठीपासून निम्म्या पात्यापर्यंत थापलेला तेल-शेंदूर, त्यावर चिकटवलेल्या झेंडूच्या पाकळ्या. पुढचं निम्मं पातं लखलखीत. ऊस कापला तो पुढच्या निम्म्याने. पोटावर आलं ते मागचं निम्मं.

आणि गंमत अशी की हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर होतं. आमच्याकडे पुजलेल्या हत्याराला कुणी बोट लावत नाही. खंडेनवमीला हळद-कुंकू वाहिलेला कोयता दसरा झाल्याशिवाय कुणी उचलत नाही. मग शेंदूर माखलेल्या तलवारीवरून अंगठा कोण फिरवणार? आम्ही उसावर धार पारखली आणि हत्याराला लांबून नमस्कार केला.

"त्या शेडमध्ये झालं ना हे?" मी विचारलं.

वीरधवल छताकडे बघत राहिला. "गुरुजी म्हनलं, तुझ्या मनात शंका आली म्हनून लागलं. कुनाला सांगू नगंस, बाकीच्यांची साधना मोडंल. मॅडम, माझं भरतीचं मैदानी तीन आठवड्यांवर आलंय. टाकं तवर सुटतील का?"

"टाके सुटतील. पण तीन आठवड्यांत तुला धावता येणार नाही."

तो रडला नाही. शर्ट खाली ओढला आणि निघून गेला. मला मात्र असा संताप आला की पुढच्या पेशंटवर मी विनाकारण खेकसले.

संध्याकाळी लीलाबाईंचं घर गाठलं. अंगणात शिवांजली एका पाटावर हात ठेवून डोळे मिटून बसली होती. दोन दिवस नुसतं दूध पीत होती. डोळे खोल गेलेले.

मी रेघेचं सांगितलं. वीरधवलचं नाव घेतलं नाही, डॉक्टरला ते घेता येत नाही. तलवार अर्धी बोथट आहे, आणि अण्णांची तलवार मुठीपासून टोकापर्यंत धारदार आहे, हे मात्र स्पष्ट सांगितलं. मनगटावर ती नुसती पडली तरी शिरा आणि स्नायूबंध तुटतील, गोळा सोड, पेनही धरता येणार नाही, असं बजावलं.

शिवांजलीने शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, तुमी इंजेक्शन देता तवा त्यात काय हाय ते आमी बघतो का? इश्वास ठेवतोच की."

"बाटलीवर लिहिलेलं असतं. वाचून घे, मी कधी अडवलं?"

"माझ्या मनात शंका घालू नगा. शंका आली तर लागतंय. आनि मला लागलं तर दादाला लागंल."

बघा, कसा चोख फास आहे. वाचलं तर गुरूची कृपा, कापलं तर पोरीची शंका. गुरूच्या अंगाला काही चिकटायला जागाच नाही.

तेवढ्यात लीलाबाईंचा फोन वाजला. विश्वजीत होता. त्या आवाज मोठा ठेवूनच बोलतात.

"जेवलास का? खांद्याचं चट्टं बरं झालं का? त्ये बुलेटप्रूफ जाकीट लय जड म्हनत हुतास. आता दसऱ्यापस्नं त्याचं काय काम न्हाई बघ. शिवांजली तुज्यासाठी कवच घेतीया. जरा खांद्याला आराम दे."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "बरं आई."

ती थट्टा होती की होकार, मला कळलं नाही. आत्तापर्यंत मी एका हाताची काळजी करत होते. इथं आईच स्वतःच्या मुलाच्या अंगावरून चिलखत उतरवायला निघाली होती, आणि तेही त्याचे खांदे दुखतात म्हणून, मायेने.

तालमीत अण्णा हौद्यातली माती पायाने सारखी करत होते. माझं ऐकून खालीच बसले.

"मला वाटलं त्यो माघार घील," ते म्हणाले. "तलवार मी कालच घासलीया, मॅडम. केस चिरंल अशी."

"मग देऊ नका."

"न्हाई दिली तर अण्णा भ्याला म्हनतील. त्यो त्याच्या तलवारीनं करून दावंल. पोरीचा हात वाचंल, आन् साऱ्या गावची पोरं त्या शेडात जातील." त्यांनी मातीची मूठ उचलली आणि सोडली. "आमच्या खेळात बी देव हाय. नमस्कार हाय, श्वास धरनं हाय. भ्या वाटलं तरी हात हलू द्यायचा न्हाई, ह्येच आमचं ध्यान. पर ह्यो मानूस त्याचाच धंदा करतोय."

पोलिसांना मी फोन केला होता. दसऱ्याच्या बंदोबस्तातून मोकळे झाले की येतो म्हणाले. म्हणजे आमचं आम्हालाच बघायचं होतं. शेवटी ठरलं ते असं की तलवार न्यायची, पण जयराजच्या हातात ती असताना अण्णांनी हातभर अंतरावर उभं राहायचं, आणि बोलायचं मी. काय बोलायचं ते माझं मलाही नीट ठरवता आलं नव्हतं.

दसऱ्याच्या दुपारी सीमोल्लंघनाआधीच मैदान भरलं. आपट्याच्या पानांचे ढीग तसेच पडून होते. मंचावर एक लाकडी ओंडका, शेजारी खुंटीला बांधलेले दोन ऊस आणि पाटावर जयराजची शेंदरी तलवार. शिवांजली पांढऱ्या पोशाखात ओंडक्यासमोर बसली आणि उजवा हात उताणा ठेवला. मनगटावरच्या निळ्या शिरा मला खालूनही दिसत होत्या. मी दवाखान्याची बॅग घेऊन पहिल्या रांगेत होते.

अण्णांनी तालमीची तलवार पुढं केली. जयराजने ती घेतली आणि पात्याकडे बघितलं. मग त्याने शेंदराची वाटी मागवली आणि मुठीपासून निम्म्यापर्यंत शेंदूर थापला. शेंदराने धार झाकली जाते, मरत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? माईकवर तो म्हणाला, "या शस्त्रावर पूर्वीच्या रक्ताची छाया दिसते. साधिकेच्या हितासाठी आपण आपलं सिद्ध शस्त्रच—"

"न्हाई गुरुजी." शिवांजलीने डोळे उघडले. "अण्णांचीच घ्या. दादासाठी हाय ह्ये. त्यात खोट नगं."

"अण्णांचीच," मागून कुणीतरी म्हणालं, आणि मग सगळं मैदान तेच म्हणू लागलं.

त्या वेळी तो थांबू शकत होता. मला आजही याचाच राग येतो. पोट दुखतंय म्हणाला असता, मुहूर्त टळला म्हणाला असता. पण समोर पन्नास मोबाईल होते. त्याने ओठ पुसले आणि म्हणाला, "ध्यानात ठेवा. रक्त आलं तर दोष शस्त्राचा नाही, मंत्राचा नाही. दोष साधिकेच्या मनातल्या शंकेचा."

आणि त्याने तलवार डोक्यावर नेली.

मंचावर कशी चढले ते मला आठवत नाही. शिवांजलीच्या मनगटावर मी माझा हात पालथा ठेवला तेव्हा ढोल थांबला होता.

"मारा," मी म्हणाले.

"तुम्ही दीक्षित नाही. बाजूला व्हा."

"मग तुमचा हात ठेवा. तुम्ही तर दीक्षितांचे गुरू. तलवार अण्णा धरतील."

मैदानात कुजबुज झाली. जयराजने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "गुरूचं शरीर प्रदर्शनासाठी नसतं."

"आणि हिचं असतं?"

पण लोक माझ्या बाजूचे नव्हते. "मॅडम, खाली उतरा," असे आवाज आले. लीलाबाई पायऱ्या चढून आल्या आणि माझा दंड धरून ओढू लागल्या. "मॅडम, पाया पडते. माझ्या पोराच्या आड येऊ नगा."

"लीलाबाई, गवताला जाताना विळा उचलता तेव्हा आधी काय करता?"

त्या गोंधळल्या. "काय म्हंजे? धार बघते."

"कशी?"

त्यांचा अंगठा आपसूक हलला.

"लेकीच्या हातावर पडणाऱ्या तलवारीची बघितलीत?"

"पूजेचं हत्यार हाय त्ये." त्यांचा आवाज बारीक झाला. "त्याला हात लावत न्हाईत."

तेवढ्यात मंचाखालून वीरधवल वर आला. मी त्याला बोलावलं नव्हतं. तो जयराजकडे न बघता लीलाबाईंच्या समोर उभा राहिला आणि शर्ट वर केला. वळ आता पिवळा-जांभळा झाला होता आणि त्याच रेघेत पुढे माझे टाके होते.

"काकू, मला शंका आली नव्हती," तो म्हणाला. "मी डोळं मिटून मंत्रच म्हनत हुतो. पाय गुरुजींचा घसरला. तलवार फुडं सरकली आनि मला लागलं. पर ह्यो हितला भाग बघा. हितं बी तीच तलवार बसली. हितं का न्हाई कापलं?"

लीलाबाई वाकून बघत राहिल्या. बोटाने हवेतच ती रेघ मोजल्यासारखी केली. मग सरळ झाल्या, पाटाकडे गेल्या, जयराजची तलवार उचलली आणि पदराचा घोळ करून शेंदूर पुसायला लागल्या.

मैदानात असा हुंकार उठला की जणू कुणी देवाला ढकललं. कुणीतरी म्हणालं, "लीलाबाई, पाप लागंल." त्या थांबल्या नाहीत. झेंडूच्या पाकळ्या पडल्या, पदर शेंदरी झाला, आणि खालचं लोखंड उघडं पडलं. त्यांनी मुठीजवळ अंगठा आडवा ठेवला आणि हळूहळू पुढे नेला, रोज विळ्यावर फिरवतात तसाच. निम्म्यावर अंगठा थबकला.

"हितनं फुडं धार हाय," त्या म्हणाल्या. "मागं काय बी न्हाई. घासून काढलीया. ह्या भागानं लोणी बी कापायचं न्हाई."

अण्णांनी तलवार त्यांच्या हातातून घेतली आणि बोलणं वगैरे काही न करता उसावर वार केला, मागच्या भागाने. ऊस वाकला, खुंटीवर आपटून परत सरळ झाला. पुढच्या भागाने दुसऱ्या उसाला मारलं, कांडं तुटून लांब गेलं. पहिल्या दिवशी माझ्या शेजारी उभा असलेला तो म्हातारा आज पुढच्या रांगेत होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून बसला.

लीलाबाई मात्र अजून वळल्या नव्हत्या. त्यांनी जयराजसमोर हात पुढे केला. तालमीची तलवार अजून त्याच्या हातात होती. तो मागे सरला, तेव्हा अण्णांनी ती त्याच्या मुठीतून सोडवून घेतली आणि लीलाबाईंपुढे धरली. त्यांनी मुठीजवळच्या शेंदरावर अंगठा टेकवला. नुसता टेकवला. उचलला तेव्हा त्यावर शेंदूर किती आणि रक्त किती, हे कळत नव्हतं. मग एक थेंब ओंडक्यावर पडला आणि कळलं.

"ही माज्या लेकीवर मारनार हुतास?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. "ठावं असून?"

जयराज माईकमध्ये कलियुगाबद्दल आणि श्रद्धाहीन समाजाबद्दल काहीतरी बोलू लागला. कुणीतरी माईकची वायर उपटली आणि माईकशिवाय तो अगदीच बारीक आवाजाचा माणूस निघाला. पोरं मंचावर धावली, तेव्हा मी आणि अण्णा आडवे आलो. त्याला हात लावू दिला नाही. मारलं असतं तर पुढच्या गावात जाऊन त्याने जखमाच दाखवल्या असत्या. पोलीस आले तोवर तो ओंडक्यावर बसून होता. नेताना मला म्हणाला, "मॅडम, लोकांना बरं वाटतं यानं." जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. साक्ष द्यायला वीरधवल आपल्या पायांनी गेला.

सगळं पांगलं तरी शिवांजली खाली बसलेलीच होती. हात मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत होती.

"मग दादाला कोन राखनार?" तिने विचारलं.

त्या प्रश्नाला मी घाबरूनच होते. भोंदू उघडा पाडणं त्यामानाने सोपं. "जाकीट राखेल," मी म्हणाले. "हेल्मेट राखेल, त्याचं प्रशिक्षण राखेल, शेजारी उभा असलेला त्याचा जोडीदार राखेल. आणि तरीही खात्री कुणी देऊ शकत नाही, शिवांजली. मीही नाही. खात्री देतो म्हणणारा माणूस भेटला की तो खोटं बोलतोय, एवढं मात्र मी तुला खात्रीने सांगते."

ती रडली. दिवसभराचं, उपवासाचं, सगळंच रडली. अण्णा तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "हात हलला न्हाई तुजा, पोरी. तलवार वर गेली तरी हलला न्हाई. त्यो मंत्र नव्हं. ती तुजी हिंमत हाय. ती त्याला कशाला देतीस?" दुसऱ्या दिवसापासून पहाटे ती आणि तिच्या मैत्रिणी परत रस्त्यावर धावताना दिसू लागल्या. त्यांच्याजवळून जाताना मी गाडी हळू घेते.

आता तुम्हाला सांगते, कारण असा मंच उद्या तुमच्याही गावात उभा राहील. तलवारीच्या जागी लिंबू असेल, पाणी असेल, नुसता श्वास असेल. श्वास धरायला शिकवणारा वस्ताद चांगला, ध्यानाने मन ठिकाणावर येत असेल तर तेही चांगलं. पण श्वासाने लोखंड थांबतं असं कुणी म्हणालं, तर आधी त्याचं लोखंड हातात घेऊन बघा. हात लावायचा नाही असं तो म्हणाला, तर नेमकं तिथंच बोट ठेवा. घरात विळा, भाजी, औषध, सगळं आपण पारखून घेतो. पोरांचे हातपाय ज्याच्या हवाली करतो, त्यालाही पारखायलाच हवं. देवाला याचा राग येत नाही. राग येतो तो दुकानदाराला.

त्या संध्याकाळी लीलाबाईंच्या अंगठ्याला मी पट्टी बांधत होते, तेव्हा विश्वजीतचा फोन आला. त्यांनी डाव्या हाताने तो कसाबसा उचलला.

"इश्वा, जाकीट कुठं हाय?"

"का गं आई?"

"मी काय म्हनलं हुतं त्ये चुकलं माझं. कवच बिवच काय न्हाई. त्यो मानूस लबाड निघाला." त्यांना दम लागला. "खांद्याखाली मऊ फडकं घाल. चट्टं उठू देत, मी मलम धाडते. पर पट्टं आवळून बांध. झोपताना बी जवळ ठेव."

पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता.

"आई, अंगावरच हाय," विश्वजीत म्हणाला. "कवा काढलंच नव्हतं."

लीलाबाईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला, आणि मी पट्टीची गाठ मारली.